तीन नंबरचा चार्ज

विलास सरवदे इंजिनं मळवून देतो. लोक त्यासाठी ती कुरिअरनं परळीला पाठवतात. पुण्याहून, बेंगळुरूहून, एकदा कोलकात्याहूनही.

इंजिनं वीतभर असतात. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. टेबलावर मांडलेल्या रुळांवर ती विजेनं चालतात. ती जमवणारी माणसं बहुतेक निवृत्त असतात आणि त्यांचं एकच म्हणणं असतं, इंजिन खरं दिसलं पाहिजे. दुकानातून आलेलं इंजिन चकचकीत असतं. खऱ्याच्या छपरावर धुराचा डाग असतो. चाकांपाशी गंज असतो. डिझेल भरताना सांडलेल्या तेलाचा ओघळ टाकीवरून खाली आलेला असतो. विलास हे सगळं हातानं करतो.

त्याआधी मोडलेलं दुरुस्त करतो. तुटलेल्या पायऱ्या, वाकलेले कठडे, दोन डब्यांना जोडणारे आकडे. कठड्यासाठी तो गिटारची सगळ्यात बारीक तार वापरतो. गोंद इंजेक्शनच्या सुईनं सोडतो. सुया त्याची बायको पंचशीला आणून देते, ती आशा वर्कर आहे. जुना रंग काढायचा तर इंजिनाचा सांगाडा रात्रभर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवतो. सकाळी रंग सालीसारखा निघतो.

आणि राख. थर्मलची, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राची राख परळीत सगळ्यांच्या घरात असते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाकायच्या राहिलेल्या पाण्यावर. विलास ती गच्चीवरून झाडून आणतो, मलमलच्या फडक्यातून तीनदा चाळतो आणि मऊ ब्रशनं डब्यांवर बसवतो. पुण्याच्या एका निवृत्त डॉक्टरांनी त्याला लिहिलं होतं की, असा रंग बाजारातल्या कुठल्याच पावडरीला येत नाही. पत्र इंग्रजीत होतं. मी ते मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला.

विलासची आई, चतुराबाई, तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मंग त्यांना म्हणावं, इथंच येऊन ऱ्हा. फुकाट मिळंल. नाका-तोंडात."

इंग्रजी पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची, हे माझं काम. ओळख त्यातूनच झाली. तो एकोणचाळीसचा, मी सत्तावीसचा. मी मराठी घेऊन एम.ए. झालो. हे ऐकल्यावर तो म्हणाला होता, "मंग इंग्रजी कावून वाचतो बे?" म्हटलं, मराठीत कुणी पत्र लिहिना म्हणून.

विलास आधी पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, ट्रकच्या मागच्या, शाळांच्या भिंतींवरच्या. मग फ्लेक्स आले. परळीच्या स्टेशनवर गाड्यांचे फोटो काढायला आलेल्या एका माणसानं त्याच्या दुकानात पत्र्याचं छोटं इंजिन टांगलेलं पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं? पुढचं सगळं तिथून सुरू झालं. गेल्या नऊ वर्षांत त्याच्या हाताखालून तीनशेच्या वर इंजिनं आणि डबे गेले. तक्रार घेऊन एकही परत आला नाही.

हे सगळं मी सांगतो आहे ते त्याचा हात किती चांगला आहे हे कळावं म्हणून. नाहीतर पुढचं कळणार नाही.

*

विलासचे वडील आश्रुबा. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. ते या फाल्गुनात गेले.

आबा थर्मलमध्ये शंटिंग इंजिन चालवायचे. कोळशाच्या मालगाड्या आल्या की त्यांचे डबे ढकलत टिपलरपर्यंत न्यायचे. टिपलर म्हणजे आख्खा डबा उचलून पालथा करणारं यंत्र. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच इंजिन चालवलं, तीन नंबरचं. आता ते इंजिनही नाही. जुने संच बंद पडले, त्यानंतर ते कापून भंगारात गेलं. आबांना कुणी सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आबा विसरायला लागले. आधी चष्मा कुठं ठेवला ते. मग जेवलो की नाही ते. मग माणसं. चतुराबाईंना ते ओळखायचे, निदान त्यांच्या आवाजाला ओळखायचे. त्या रागावल्या की गप्प बसायचे, म्हणजे ओळखत असणार. विलासला मात्र ओळखेनात. कधी साहेब म्हणायचे, कधी मास्तर. एकदा त्याला शेजारी समजून म्हणाले, "तुमच्या घरचा आवाज लई येतो बरं का."

विलासनं दार लावून घेतलं. मग हसला.

आबा त्याला इलास म्हणायचे. दोन वर्षं झाली, ती हाक आली नव्हती. अंबाजोगाईला दाखवून झालं, लातूरला दाखवून झालं. गोळ्या सुरू होत्या. लातूरचे डॉक्टर म्हणाले की, ओळखीच्या जुन्या वस्तू समोर ठेवा. कधी कधी आठवतं, क्षणभर.

येताना एसटीत तो मला म्हणाला, "पर्मू, एकदाच. इलास म्हणले पायजेत. पुन्ना इसरले तरी चालंल."

तीन नंबरचं इंजिन करायचं त्यानं तिथंच ठरवलं.

*

फोटो नव्हता. थर्मलच्या आत फोटो काढायला मनाई होती. आबांच्या निवृत्तीच्या दिवसाचा एक होता, गळ्यात हार, हातात नारळ आणि मागं इंजिनाचा कोपरा. बाकी सगळं विलासच्या डोक्यात होतं. लहानपणी त्याची शाळा सकाळची असायची. सुटली की तो बारा वाजता आबांचा डबा घेऊन जायचा. कुंपणाच्या जाळीतून इंजिन दिसायचं. आबा जाळीपाशी येऊन डबा घ्यायचे आणि तिथंच उकिडवे बसून जेवायचे. तो जाळीला तोंड लावून इंजिन बघत राहायचा.

आबांची नजर अधू, म्हणून त्यानं हे इंजिन मोठं केलं. हातभर लांब, पत्र्याचं. आठ महिने लागले. लोकांची कामं दुपारपर्यंत, त्यानंतर तीन नंबर. केबिनच्या खिडकीला मोबाइलच्या जुन्या स्क्रीनगार्डची काच. दारांना उघडणाऱ्या बिजागऱ्या. आत ड्रायव्हरचं लाकडी स्टूल, कारण खुर्ची मोडली होती आणि आबा स्टूलावर बसायचे. समोरच्या दिव्याला डाव्या बाजूनं पोचा. हे त्याला कसं आठवत होतं कोण जाणे. विचारलं तर म्हणाला, "तिथं एकदा चिमणी बसलती."

रंग पिवळा, त्यावर लाल पट्टा. केबिनवर पांढऱ्या रंगात ३. त्यावर राख. राखेला त्यानं सतरा दिवस दिले. छपरावर जाड थर, कडांना पातळ. पायऱ्यांवर मधोमध राख नाही, कारण तिथं बुटांनी पुसली जाते. मी अशी एकही गोष्ट आजवर वाचलेली नाही जिच्यात माणसानं कुठं पाय ठेवला हे इतकं नीट सांगितलंय.

राख टिकावी म्हणून शेवटी वरून मॅट लॅकरचा हात द्यावा लागतो. नाहीतर बोट लागलं तरी निघते. लॅकर पुण्याहून येणार होता. तो आला नव्हता. पण विलासला धीर धरवेना.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी दोनच्या सुमारास त्यानं इंजिन स्टूलावर ठेवून आबांच्या बाजेसमोर आणलं. मी होतो. चतुराबाई होत्या. पंचशीलावहिनी ड्यूटीवर होत्या, त्यांनी दोनदा फोन करून विचारलं होतं.

आबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वळखलं का आबा?" विलास म्हणाला.

"कुणाचं हाय?"

"तुमीच सांगा."

आबांचं तोंड वाकडं झालं. "कुणी ठिवलंय असलं घाण?"

विलास हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "राख हाय ती आबा. थर्मलची."

"ती दिसायली की. आंधळा हाय व्हय म्या?" आणि ते भिंतीकडं तोंड करून पडले.

चतुराबाई विलासला म्हणाल्या, "जाऊ दे रे. झोपू दे त्यांला. आठ महिने तू तरी कुठं नीट झोपलास."

तो उठला. इंजिन तिथंच राहिलं. लॅकरचं पार्सल आलं का बघू म्हणत आम्ही कुरिअरच्या ऑफिसला गेलो. पार्सल आलं होतं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "कुटं चुकलं ते कळंना."

*

परत आलो तेव्हा चार वाजत आले होते. चतुराबाई शेजारी गेल्या होत्या. आबा बाजेवर नव्हते. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता.

आबा मोरीत उकिडवे बसले होते. समोर इंजिन. बादलीत कपड्याच्या पावडरीचा फेस. हातात दात घासायचा जुना ब्रश. खांद्यावर ओला टॉवेल. छप्पर धुऊन झालं होतं. आता ते पायऱ्यांच्या खाचा घासत होते. पाणी करडं होऊन मोरीच्या भोकाकडं चाललं होतं.

विलास दारातच थांबला. लॅकरचा डबा त्याच्या हातात होता. मला वाटलं तो ओरडेल. मी त्याचा दंड धरला.

आबांनी मान वर केली. चेहरा वेगळाच होता. कामातल्या माणसाचा.

"आलाव का? दोन मिन्टं थांबा. एवढी बाजू ऱ्हायली."

त्यांनी टॉवेल पिळला, इंजिन पुसलं. काच वेगळ्या कोपऱ्यानं पुसली. मग उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि इंजिन दोन्ही हातांवर घेऊन विलाससमोर आले. पिवळं, ओलं, चकचकीत.

"घ्या. तीन नंबरचा चार्ज."

विलासनं लॅकरचा डबा खाली ठेवला.

"तुमीच न्हवं आज रिलीव्हला?"

मी विलासचा दंड सोडला. तो म्हणाला, "हो. मीच."

"मंग घ्या की. डिझेल अर्ध्याच्या वर हाय. चाकाखाली सोडायची वाळू भरलीया. पुढचा ब्रेक जरा उशिरा धरतो, टिपलरपाशी आधीच दाबा. हॉर्नचं मनावर घिऊ नका, त्याचा घसा बसलाय." ते हसले. हा विनोद त्यांनी अठ्ठावीस वर्षं केला असणार.

"घेतला," विलास म्हणाला.

"असं न्हाई. नाव सांगा. बुकात लिवावं लागतंय."

"विलास सरवदे."

"सरवदे? आमच्यातलेच की! जयभीम, जयभीम. कुठले?"

"इथलेच. परळीचे."

"आसं." आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "माझ्या पोराचं बी नाव इलासच हाय."

नळ थेंबथेंब गळत होता. विलासच्या हातात इंजिन होतं, त्याचं पाणी त्याच्या शर्टवर येत होतं.

"केवढा हाय?" त्यानं विचारलं.

"तिसरीला. कार्टं लई येडं. रंगाचं येड. भिंत सोडीना, दार सोडीना. परवा थोबाडीत दिली एक."

"कावून?"

"शाळंच्या वहीत माझ्या इंजनाचं चित्र काढलतं. सगळं करडं! निस्ती राख! म्हणलं, का बे, तुझ्या बापाचं इंजन असलं असतंय व्हय? लोकांची असतेत. म्या चार्ज देताना कदी तसं देत न्हाई. धुऊन पुसून देतो. पुढच्याचे हात कशाला घाण करायचे?"

ती थोबाडीत विलासला आठवत होती. त्यानं मला नंतर सांगितलं. कशासाठी ते आठवत नव्हतं. चित्र चांगलं आलं नाही म्हणून असेल असं त्याला वाटत आलं होतं. तो रोज बारा वाजता डबा घेऊन जायचा. बारा वाजता ते इंजिन राखेनं माखलेलं असायचं. चार्ज द्यायची वेळ चारची, आणि चार वाजता ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"जातो आता," आबा म्हणाले. "वाट बघत आसंल."

त्यांनी चपला घातल्या आणि घराबाहेर पडले, घरी जायला. आम्ही मागं गेलो. पिठाच्या गिरणीपर्यंत ते ताठ चालले. तिथं थांबले. रस्ता संपल्यासारखं इकडंतिकडं बघू लागले. विलास पुढं झाला, म्हणाला, "इकडून जवळ पडंल." आणि त्यांना वळवून आणलं.

चतुराबाई दारात होत्या. आबांनी त्यांना विचारलं, "इलास जेवला का?"

चतुराबाईंनी आबांच्या मागं उभ्या असलेल्या विलासकडं पाहिलं. त्याचा शर्ट पुढून ओला होता.

"जेवला," त्या म्हणाल्या.

*

त्यानंतर रोज.

साडेतीन वाजले की आबा उठायचे, बादली भरायचे. चार वाजता विलास हातातलं काम टाकून, शर्ट घालून, बाहेरून दारातून आत यायचा. चार्ज घ्यायचा. नाव सांगायचा. आबांना रोज नव्यानं आनंद व्हायचा, आमच्यातलेच की. मग ते इलासबद्दल काहीतरी सांगायचे. इलास म्हशीला भितो. इलासला शिट्टी वाजवता येते, पण आई ओरडते म्हणून घरात वाजवत नाही. अंबाजोगाईहून इलाससाठी रंगांची पेटी आणलीय, कपाटावर ठेवलीय, निकालाच्या दिवशी द्यायची. त्याला सांगू नका.

"न्हाई सांगत," विलास म्हणायचा.

पंचशीलावहिनी मला म्हणाल्या, "लग्न होऊन चौदा वर्षं झाली, भाऊजी. बापलेकांना इतकं बोलताना म्या बघितलं नव्हतं."

ज्या हाकेसाठी हे सगळं केलं होतं, ती आली नव्हती. नाव यायचं, रोज यायचं, पण ते त्याच्यासाठी नसायचं. एकदा तो मला म्हणाला, "ते त्या पोरावर लई जीव लावतेत बे." जणू ते पोरगं दुसरंच कुणी होतं. वाङ्मयाच्या अभ्यासात यावर काही शिकवलेलं नाही.

राख पहिल्याच दिवशी गेली होती. आता रंग जायला लागला. रोजची पावडर, रोजचा ब्रश. आधी लाल पट्टा पुसट झाला. मग कडांचा पिवळा. जिथं आबांचा उजवा अंगठा टेकायचा तिथं, केबिनच्या दाराखाली, पत्रा दिसू लागला. मग तो गंजला. एके दिवशी टॉवेलवर तांबूस डाग आले. आबांच्या बोटांनाही.

विलासला ते बघवेना. नऊ वर्षं तो दुसऱ्यांच्या इंजिनांवर खोटा गंज चढवत आला होता. हा खरा होता. तीनचा आकडाही निम्मा गेला होता. तो मला म्हणाला, "आकडा गेला तर वळखायचे न्हाईत. आत्ताच हात मारायला पायजे. खाली प्रायमर, वर दोन हात. दोन दिवस सुकायला."

पंचशीलावहिनी म्हणाल्या, "राहू द्या की. आहे तसं चाललंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "दोन दिवसांनी काय होतंय?"

हे मीच म्हणालो.

एका संध्याकाळी चार्ज घेतल्यावर त्यानं इंजिन वरच्या, कामाच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी साडेतीनला आबा उठले. बादली भरली. स्टूलाकडं गेले. बाजेखाली वाकून पाहिलं, दारामागं पाहिलं. चतुराबाईंनी घाईनं पितळी तांब्या त्यांच्या हातात दिला, "हे घ्या, हे धुवा." आबांनी तांब्या धुतला. पुसला. हातात धरून उभे राहिले. चार वाजता विलास दारातून आत आला. आबांनी त्याच्याकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवून बाजेवर जाऊन बसले.

त्यानंतरच्या दिवशी ते साडेतीनला उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी इंजिन तयार झालं. पिवळा रंग आरशासारखा, आकडा ठळक, वरून पाण्याला दाद न देणारा पक्का लॅकर. विलासनं ते स्टूलावर ठेवलं. बादली भरून दिली, पावडर टाकली, ब्रश ठेवला. चार वाजले. आबा इंजिनाकडं बघत राहिले.

"कुणाचं पोरगं खेळणं इसरून गेलं?" ते म्हणाले. "नवं दिसतंय. ज्याचं त्याला दिऊन टाका. रडत आसंल."

*

पुढं काय झालं ते मला सांगायलाच हवं.

विलासनं ते इंजिन परत वर नेलं. नवं जुनं करणं हेच त्याचं काम. आठ दिवस त्यानं बाहेरचं काही घेतलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांचं इंजिन सुटं पडून होतं. मी त्यांना लिहिलं, घरात आजारपण आहे.

कानशीच्या बारीक टोकानं त्यानं कडांचा रंग काढला. पट्टा स्पंजनं पुसट केला. लॅकर स्पिरिटनं उतरवला, कारण आबांच्या इंजिनावर तो नव्हता. केबिनच्या दाराखाली, जिथं आबांचा अंगठा टेकायचा तिथं, आपला अंगठा ठेवून पाहिला. आबांचा रुंद होता. तेवढी जागा पेन्सिलीनं आखली, पत्रा उघडा केला, मिठाचं पाणी लावून गंजवला. तीनचा आकडा बरोबर निम्मा घालवला. ओला टॉवेल कसा फिरायचा, तशा गोल रेघा छपरावर आणल्या. मी शेजारी बसून होतो. इंजिन मी रोज बघत आलो होतो. आधीच्यात आणि यात मला काही फरक सांगता आला नसता. आजवर त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम.

माघ संपत आला होता. आबा आता कमी बोलायचे, जेवण अर्धं टाकायचे. चारच्या आधी विलासनं इंजिन आणून त्यांच्या मांडीवरच ठेवलं. शर्ट घातला, बाहेर गेला आणि दारातून आत आला. मी खिडकीपाशी होतो. चतुराबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

आबांनी इंजिन हातात घेतलं. उलटंपालटं केलं. दार उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. त्यांचा अंगठा बरोबर त्या जागेवर जाऊन बसला.

"तुमी केलं का हे?"

"हो आबा."

"चांगलं हाय. हात चांगला हाय तुमचा." आणि त्यांनी ते त्याच्याकडं परत केलं, पाहुण्याची वस्तू पाहुण्याला द्यावी तसं.

विलासनं ते घेतलं नाही. तो खाली बसला, बाजेच्या कडेला हात ठेवून.

"नाव इचारा की आबा," तो म्हणाला.

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. अडचणीत सापडलेल्या भल्या माणसासारखं.

"कावून?" ते म्हणाले.